मध्यंतरातला नमस्कार

त्या दोन बोटांतली बुक्क्याची चिमूट कपाळाला लागण्याआधीच थोडी निमिषच्या पांढऱ्या उपरण्यावर सांडली... बाबांची बोटं. अमेरिकेत, अल्फारेटातल्या शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये कीर्तनाचं मध्यंतर झालं होतं. हार घालायचा, बुक्का लावायचा, कीर्तनकाराच्या पाया पडायचं, अशी रीतच; आणि त्या रांगेत सगळ्यांच्या पुढे उभे होते नरेंद्रबुवा, त्याचे वडील, ज्यांनी बावीस वर्षं इथल्या गणपतीत कीर्तन केलं.

"बाबा, नको ना..."

"गप. नारदाच्या गादीवर आहेस. आरतीपर्यंत तू कुणापुढे वाकायचं नाही, आम्ही वाकायचं."

हे त्यांनीच शिकवलेलं—तो नऊ वर्षांचा असताना, गराजमध्ये गाडीशेजारी सतरंजी टाकून, अभंगाची एकेक ओळ दहादा घोटून घेत. आणि त्याच मुलाने जूनमध्ये समितीला परस्पर मेल केली होती: गुडघ्यांमुळे बाबांना झेपत नाही, यंदा मी उभा राहतो. अडतीस वर्षांचा झालो, बाबा थांबणार कधी, असं आत कुणीतरी कुरकुरत होतं... आणि त्या कुरकुरीला त्याने सेवा म्हटलं होतं, तेही देवाच्या दारात.

बाबा वाकले. सहज वाकले, गुडघ्यांनी हूं की चूं केलं नाही. उठून हार सारखा करत हळूच म्हणाले, "समितीतल्या सुलेखाने तुझी मेल दाखवली. गुडघे ठणठणीत आहेत रे. कवळीमुळे शब्द अडखळतात, ते लिहायचंस." आणि हसले. "आता पट्टी काळी दोन लाव. पेलते तुला."

"निमिष, शहजादा येऊ दे आता!" समितीच्या सुलेखाकाकू मागून ओरडल्या. "पोरांनी चक्क फोन खाली ठेवलेत!"

उत्तररंगाला आख्यान होतं औरंगजेबाच्या मुलाचं, अकबराचं—बापाविरुद्ध उठून संभाजीराजांच्या आश्रयाला आलेल्या शहजाद्याचं. बापाला त्याने धाडलेलं खरमरीत पत्र निमिषने महिनाभर ऑफिसला जाता-येता गाडीत घोळवलं होतं. कुठल्या वाक्याला टाळी पडणार, तेही ठरलेलं.

पेटीने सूर दिला. त्याने तो धरलाही. पण पत्र लिहिणारा तरणा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. दिसत होता तो म्हातारा—बादशहा तो, दुष्ट, मान्य—पण ते पत्र त्याने सगळ्या दरबारादेखत ऐकलं असेल, की एकट्यानेच, दिव्याजवळ धरून, पोराचं अक्षर ओळखत ओळखत... पांडुरंगा, मी कुणाच्या तोंडून बोलू?