दुसऱ्या कळेची वाट

दचकू नका. बॉनेटखालून येतोय तो आवाज माझाच. मी देश्काआजीच्या लाल गाडीची बॅटरी. आमच्या जातीत माझं वय म्हणजे नातवंडं खेळवायचं वय. पण आज मी रडगाणं गायला बसलेली नाही. आज मला मिरवायचंय, आणि ते तुम्ही मुकाट्यानं ऐकून घ्यायचंय.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात शिशाच्या पट्ट्या, त्यांच्यात जहाल आम्ल, वरून काळं कवच. बरेच दिवस दुकानाच्या फळीवर धूळ खात बसले होते. मग एका शरदात मेतोदी नावाच्या हसऱ्या म्हाताऱ्यानं मला उचललं. गाडीत बसवून किल्ली फिरवली आणि बायकोला हाक मारली, "देश्का, ये लवकर! ही बघ, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त टिकणार!"

त्याच हिवाळ्यात तो गेला. त्यानं घरात आणलेली शेवटची वस्तू मी. देश्काआजी हे कधी बोलून दाखवत नाही, पण बॉनेट लावल्यावर तिचा हात त्यावर जरा जास्त वेळ राहतो. मला तेवढं पुरतं.

देश्काआजी आमच्या गावची सुईण. आता बाळंतपणं शहरातल्या इस्पितळात होतात, तिला कोणी बोलावत नाही. पण गेल्या मार्चात बर्फानं घाट बंद झाला आणि नेमक्या त्याच संध्याकाळी रालित्साचे दिवस भरले. गावातली वीज गेलेली. आजीनं गाडी रालित्साच्या खिडकीसमोर आणून उभी केली, दिवे लावले आणि बाह्या सरसावून आत पळाली. घाईत इंजिन बंद केलं ते केलंच. पुन्हा चालू करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी एकटीनं उजेड धरला. शेवटी शेवटी दिवे पिवळे पडले, माझ्या पोटात खड्डा पडला, तरी धरला. आतून ट्यँहँ ऐकू आलं आणि मग मी डोळे मिटले. मुलगी झाली. नाव ठेवलं स्वेत्ला. आमच्याकडच्या बोलीत त्याचा अर्थ उजेड.

त्या दिवसापासून माझी तब्येत ढासळली. इतकं रिकामं झालेलं पोट पुन्हा पूर्वीसारखं भरत नाही. थंडी पडली की मी कण्हायची, आणि गाडी जागची हलायची नाही. गावात हसू व्हायला लागलं.

सगळ्यांत मोठ्यानं हसायचा ग्रोझदान, मेतोदीचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नाही. पण नवी कोरी जीप घेतल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. एकदा त्यानं मला मोठ्या चार्जरवर चढवलं आणि घाईघाईनं वीज कोंबली. मी तापले, फसफसले आणि आडवी झाले.

"संपली, वहिनी," तो म्हणाला. "भंगारात द्या. मी शहरातून नवी आणतो."

"बघते," आजी म्हणाली.

"काय बघता? आता सुईणींचा सण आला तोंडावर. बायकांना घेऊन काय गाडी ढकलत फिरणार? त्यापेक्षा माझी जीप आहे. तुम्ही मागे आरामात बसा, मी चालवतो."

आजीच्या कपाळावर आठ्या चढल्या. जानेवारीतला तो दिवस गावात फक्त बायकांचा. वर्षभरात बाळंत झालेल्या बायका सुईणीच्या हातावर पाणी घालतात, टॉवेल देतात, गळ्यात लाल मिरच्यांची माळ घालून तिला मिरवत वरच्या झऱ्यापर्यंत नेतात. पुरुषांनी घरात बसायचं. रस्त्यात सापडला तर टोपी जप्त, वाईन दिल्याशिवाय सुटका नाही. आणि त्या दिवशी स्टिअरिंगवर ग्रोझदान? सणाला देश्काआजी आजवर स्वतःच आपली गाडी चालवत आली होती. म्हणजे मी उठले नाही, तर मी भंगारात आणि आजी दिराच्या मागच्या सीटवर.

शेजारची पेन्का म्हणाली, "अगं, घेऊन टाक ना नवी. एवढा काय जीव अडकलाय त्या डब्यात?"

"पेन्का, निळं पडलेलं पोर मी कधी टाकून दिलं का? आधी ऊब द्यायची, मग थेंब थेंब पाजायचं. त्यातूनही उठली नाही, तर मीच नेऊन देईन भंगारात. पण आधी नाही."

दोघींनी मला उचलून पडवीत आणलं. लोणच्याच्या बरण्या सरकवून जागा केली. माझ्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा चुरा आजीनं गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतला. झाकणं उघडून आत औषधांच्या दुकानातलं शुद्ध पाणी घातलं. मग मेतोदीचा जुना, लहानसा चार्जर माळ्यावरून काढला. त्याची धार इतकी बारीक की ग्रोझदाननं पोट धरून हसावं. पण मला तीच मानवली. कोंबलेलं अंगी लागत नाही, हे आजीला बाळांमुळे ठाऊक होतं आणि मला स्वतःवरून कळलं. पोटात काहीतरी हळूहळू जागं होत गेलं.

सणाची सकाळ उजाडली ती दात वाजवत. नळ गोठले होते. आजीनं मला घोंगडीत गुंडाळून गाडीत बसवलं. अंगणात बायका जमल्या, रालित्सा स्वेत्लाला कडेवर घेऊन आली, गाडीच्या आरशांना मिरच्यांच्या माळा बांधल्या.

आणि गल्लीच्या तोंडाशी ग्रोझदान जीप आडवी लावून बसला होता. तमाशा बघायला! माझं कण्हणं नीट ऐकू यावं म्हणून त्यानं इंजिन बंद ठेवलं होतं. दिवे चालू, गाणी चालू, हीटरचा पंखा चालू, आणि काच अर्धी खाली. बायकांचं नटणं काही लवकर आटपेना. तो आपला बसून.

आजीनं किल्ली फिरवली. मी जीव एकवटला. घुर्र... घुर्र... आणि घसा बसला.

"वहिनी, येऊ का ढकलायला?" ग्रोझदान ओरडला.

"आता गं काय?" पेन्काचा आवाज रडवेला झाला.

आजीनं दुसऱ्यांदा किल्ली फिरवलीच नाही. हात मांडीवर ठेवून शांत बसली. "गप्प बसा सगळ्या. पहिल्या कळेला कुणी जन्मलंय का? श्वास घेऊ दे तिला. दुसरी येईल."

मी श्वास घेतला. अंगातली उरलीसुरली ऊब गोळा केली. मेतोदीची हाक आठवली, रालित्साची खिडकी आठवली. आजीनं किल्ली फिरवली आणि मी असा जोर लावला म्हणता! इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडून उभं राहिलं. बायकांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून कोंबड्या छपरावर चढल्या.

गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. ग्रोझदाननं जीप बाजूला घ्यायला किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक टक. दिवे, गाणी आणि पंखा पुरवता पुरवता त्याच्या नव्या बॅटरीनं स्वतःला रिकामं करून घेतलं होतं.

बायकांना आणखी काय हवं? पेन्कानं त्याची केसाळ टोपी उडवली. आजी काच खाली करून म्हणाली, "काय भावजी, भंगारात द्यायची का हिला?"

ग्रोझदानचे कान लालबुंद झाले. "वहिनी, चेष्टा पुरे. तेवढी वायर लावू द्या."

"कुणाला?"

तो घुटमळला. मग त्यानं आमचं बॉनेट उघडून, मला उद्देशून खरोखर मान लववली. "हिला."

वायरी लावल्या. आमचं इंजिन चालू होतं, त्यानंही हात दिला, ते मी नाकारत नाही. पण टोकं माझीच धरली होती! जीप दणक्यात सुरू झाली. दंड म्हणून ग्रोझदानच्या गळ्यात मिरच्यांची माळ पडली आणि बोडक्या डोक्यानं, हॉर्न वाजवत, त्याला पुढे पिटाळलं. मागून आम्ही, राणीसारख्या. टोपी संध्याकाळी सुटली, तीही वाईनचा अख्खा बुधला दिल्यावर.

झऱ्यावर रालित्सानं आजीच्या हातावर पाणी घातलं आणि नक्षीचा टॉवेल दिला. मग पिशवीतून दुसरा काढला.

"हा कुणाचा गं?" आजीनं विचारलं.

"माझ्या बाळंतपणात दोघी होत्या तिथं," रालित्सा म्हणाली. तिनं बॉनेट उघडायला लावलं आणि टॉवेल माझ्याभोवती गुंडाळला. मेतोदी गेल्यावरही आजीला गावानं रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

आता रोज संध्याकाळी मी पडवीत जाते आणि सकाळी गाडीत. माझा दम कायमचा पुरणार नाही, हे मला आणि आजीला दोघींना माहीत आहे. ज्या दिवशी दुसऱ्या कळेलाही मी उठणार नाही, त्या दिवशी मला खुशाल बदला. शिसं वितळवून माझी नवी बॅटरी होईल, त्याचं मला दुःख नाही. पण घाईनं एकदा कोंबून, एकदा कण्हणं ऐकून, कुणाला भंगारात काढू नका. आधी ऊब द्या, मग थेंब थेंब पाजा आणि मग ठरवा.

हं, चला. पडवीचं दार वाजलं. बाहेर बर्फ पडतोय, आजी घोंगडी झटकतेय, आणि गल्लीतून ग्रोझदानची हाक येतेय, "वहिनी, तुमची गाडी निघाली का? वायर घेऊन जरा माझ्या जीपकडे पण या!"