आत्याचे जंतू

सलग दुसऱ्या पाळीला जुंपलेली माणसं दोन प्रकारची: चिडलेली, आणि चिडायचंही बळ न उरलेली. इस्पितळाच्या जंतुतपासणीच्या खोलीतली ती दुसऱ्या प्रकारात मोडत होती. समोरच्या बशीत मळकट पिवळे ठिपके वाढले होते, तिच्या सख्ख्या आत्याच्या रक्तातून आलेले. आत्या वरच्या मजल्यावर तापाने फणफणत होती, आणि हे जंतू रंगवल्यावर जांभळे दिसतात की गुलाबी, यावर तिचं औषध ठरणार होतं.

तिने काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकला, तारेच्या टोकाने एक ठिपका उचलून त्यात कालवला, वाळवला, ज्योतीवरून फिरवला. शेजारी ओळखीच्या जंतूंचे दोन नमुने लावायचे असतात, रंग नीट बसला की नाही ते कळायला. ‘आज राहू दे,’ तिने ठरवलं. शरीर स्टुलावर होतं, जीव केव्हाच घरी जाऊन झोपला होता.

जांभळा रंग, आयोडीन, मग अल्कोहोल. ते घालून लगेच धुवायचं, नाहीतर जांभळ्यांचाही रंग उतरतो. नेमका फोन वाजला.

“मेले गं मी!” आत्याच होती.

“मेलेली माणसं फोन नाही करत, आत्या.”

“उगाच शहाणपणा नको. माझ्या जंतूंचं काय झालं?”

“आंघोळ घालतेय त्यांना.”

“घाल बाई. मला कोणी भांडंभर पाणी विचारत नाही, त्यांचे तरी लाड होऊ देत.”

गाऱ्हाणी संपेपर्यंत अल्कोहोल आपलं काम करत बसलं. मग तिने काच धुतली, गुलाबी रंग दिला, भिंगाखाली धरली. गुलाबी. वॉर्डातल्या डॉक्टरांना कळवलं आणि डोकं टेबलावर टेकवलं.

मिटल्या डोळ्यांपुढे तेच चित्र आलं: गोल गोल, द्राक्षांच्या घडासारखे. पण असे घड करून बसणारे तर जांभळे असतात! ती ताडकन उठली. ताडकन म्हणजे, टेबलाला धरून.

“मामा, अल्कोहोल जास्त झालं माझं.”

सगळ्या खोलीचे मामा असलेले सहकारी मानही न वळवता म्हणाले, “ड्यूटीवर?”

तिने डॉक्टरांना फोन लावला. “मघाचं धरू नका. चूक माझी आहे, परत करतेय.”

“अहो, सिस्टर बाटली लावायला निघाल्यात!”

“मग धावा त्यांच्या मागे.”

या वेळी तिने फोन मामांच्या खिशात कोंबला आणि आत्याच्या जंतूंना ओळखीच्या दोघांच्या मधे बसवलं. एका बाजूचे जांभळे निघाले, दुसऱ्या बाजूचे गुलाबी, जसे हवेत तसे. मधले ठसठशीत जांभळे.

पाळी संपल्यावर ती वर गेली. योग्य बाटली थेंबथेंब उतरत होती.

“आत्या, तुझ्या बाबतीत आज चुकले होते मी. वेळेत कळलं म्हणून बरं.”

“आज?” आत्या उशीला टेकून सावरून बसली. “अगं, तू चार वर्षांची होतीस तेव्हापासून सांगते, ऐक.”

यादी लांबलचक होती आणि आवाजात चांगला जोर होता. पहिल्या दोन चुका तिने मन लावून ऐकल्या. मग आत्याच्या पायाशी बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला.