माफीच्या विरोधातला अर्ज

महाराष्ट्र झाला त्याच वर्षी आम्ही बाबू लोकांनी एक लढाई जिंकली. जळगाव जामोदच्या ज्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही कापसाच्या गाड्या तोलायचो आणि वजनाच्या चिठ्ठ्या फाडायचो, त्या जिनाच्या मालकाकडून आम्ही एक कलम लिहून घेतलं: बाबूची कायम नोकरी फक्त बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसालाच. मालकानं हसत सही केली. मालक हसत सही करतो तेव्हा कागद पुन्हा वाचावा, एवढी अक्कल आम्हा सात मॅट्रिक पास माणसांत एकालाही नव्हती.

पुढच्याच हंगामात सातपुड्यापलीकडून, बऱ्हाणपूरच्या बाजूनं, पाच नवे बाबू आले. पाच-सहा वर्षांपूर्वीपर्यंत ते आणि आम्ही एकाच प्रांतात होतो. मग कुणीतरी नकाशावर रेघ मारली आणि ते परके झाले. मालकानं हजेरीपटावर त्यांना आपल्या जिल्ह्यातली गावं वाटली. फकीर मोहम्मदला जानेफळ मिळालं. त्यानं जानेफळ जन्मात पाहिलं नव्हतं, पण कुणी विचारलं तर तिथल्या चावडीचं वर्णन करायचा आणि छान करायचा. आम्हाला महिना सत्तर रुपये, त्यांना चाळीस. तक्रारीची सोयच नव्हती, कारण तोंड उघडलं की खरं गाव उघडं पडणार.

फकीर मोहम्मद माझ्याच काट्यावर होता. मूठभर कापूस दाबून तो सांगायचा की गाडीवाल्यानं रात्री पाणी शिंपडलंय की नाही. हे मला दहा वर्षांत जमलं नाही. तरी सत्तर माझे होते आणि चाळीस त्याचे. हे मला अगदी न्यायाचं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बासष्टच्या सुरुवातीला मजूर खात्याचे एक साहेब तपासणीला आले. हजेरीपट पाहून ते म्हणाले की या पाच जणांनी होळीच्या आत आपलं खरं गाव लिहून द्यावं. खोटं लिहिल्याबद्दल त्यांना माफी, कलमातून एकवार सूट, आणि तुमच्याइतकाच पगार. मालकाचा चेहरा कडू कारलं खाल्ल्यासारखा झाला. त्याहून कडू चेहरे आमचे झाले.

संध्याकाळी आम्हा बाबूंच्या संघाची बैठक भरली. संघाचा अध्यक्ष इंद्रभान. आवाज मोठा, मिश्या मोठ्या, आणि पूर्वजांबद्दलचा अभिमान त्याहून मोठा.

"चोरी करनाऱ्याले बक्षीस भेटून राह्यलं!" तो गरजला. "आपन इथले. सात पिढ्या इथल्या. अन् हे काल आलेले आपल्या बरोबरीनं सत्तर घेतीन? मंग मालक आपला पगार काऊन वाढवन?"

गंमत अशी की आमचा पगार ते पाच जण आल्यापासून एका पैशानं वाढला नव्हता, आणि तो का वाढत नाही हे त्याच दुपारी फकीर मोहम्मदनं मला काट्यावर समजावून सांगितलं होतं.

"पंजाबरावभाऊ," तो म्हणाला होता, "तुमी वाढ मांगाले गेले का मालक काय म्हनते? चाळिसात मानूस भेटते म्हनते. तो चाळिसाचा मानूस म्हंजे मी. मले सत्तर भेटले तर मालकाजवळ सांगाले चाळिसवाला राह्यतच नाई. माझी माफी तुमच्याच कामाची आहे, भाऊ."

मला ते पटलं होतं. शंभर टक्के पटलं होतं. तरीही बैठकीत मी मान डोलावली आणि माफीच्या विरोधातल्या अर्जावर तिसरी सही माझी केली. पटणं वेगळं आणि चार लोकांत बसणं वेगळं.

अर्जात काय लिहायचं ते इंद्रभाननंच सुचवलं. रहिवासाचे दाखले खोटे निघतात. पण कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, ज्या गावच्या पानावर माणसाचा जन्म लागला, ते पान खोटं बोलत नाही. म्हणून माफी रद्द करावी, आणि ज्याचा जन्म जिल्ह्यातल्या कोतवाल बुकात लागला असेल त्यालाच इथला धरावं. आम्ही टाळ्या वाजवल्या. अर्ज आधी मालकाला दाखवला. त्यानं तो सावकाश वाचला आणि शेवटी स्वतःच्या हातानं एक ओळ जोडली: "हा नियम सर्व बाबूंना सारखा लागू राहील."

"हाव, हाव, सारखाच," इंद्रभान म्हणाला. "आमाले कायचा भेव?"

साहेबांनी दोन्ही बाजूंच्या सह्या पाहिल्या. मालक आणि संघ एकमतानं माफी नको म्हणतायत, असं त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिलं असावं. खांदे उडवून त्यांनी माफी मागं घेतली. त्या दिवशी आम्ही एकमेकांना पेढे चारले.

घरी येऊन मी बायकोला, कोकिळेला, सगळं रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला.

"काहो," ती म्हणाली, "तुमचे इंद्रभानभाऊ घरात थोरले ना?"

"थोरलेच. मंग?"

"मंग त्याईचा जन्म इथी कसा झाला? पयलं बाळंतपण माहेरी. त्याईच्या मायचं माहेर तं बऱ्हानपूर."

मी हातातला पेढा परत पुडीत ठेवला. आमच्या गावच्या सोयरिकी पिढ्यानपिढ्या डोंगराच्या दोन्ही अंगाला. बायको आणायची पलीकडून, मुलगी द्यायची पलीकडे, आणि पहिलटकरीण सातव्या महिन्यात गाडीत बसून आईकडे. सात मॅट्रिक पास पुरुषांनी डोकं चालवून अर्ज लिहिला, आणि माणूस जन्मतो कुठं, हे सातांपैकी एकालाही आठवलं नाही. बायकांच्या कामात लक्ष न घालण्याची ही मर्दुमकी आम्हाला बरीच महाग पडली.

आठ दिवसांत कोतवाल बुकांतल्या नोंदींच्या नकला आल्या. सातांपैकी चार जण घरातले थोरले, चौघांचीही आजोळं डोंगरापलीकडे, चौघांचे जन्म पलीकडच्या पानांवर. पहिला इंद्रभान. मी सुटलो, कारण मी दुसरा मुलगा, घरच्याच खोलीत जन्मलेला. आणि फकीर मोहम्मद? त्याची आई पिंपळगाव राजाची. तोही थोरला. पिंपळगावच्या कोतवाल बुकात त्याचं नाव स्वच्छ शाईत लागलेलं. सगळ्या जिनात एक नंबरचा बुलढाणेकर तोच निघाला!

मालकानं नियम काटेकोर पाळला, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. फकीर मोहम्मद सत्तरावर चढला. कलम कायम नोकरीपुरतंच, म्हणून त्याचे चार सोबती हंगामी म्हणून चाळिसावरच राहिले, आणि आमचे चौघं थोरलेही त्यांच्यात उतरले.

"मालक, मी इथलाच आहो," इंद्रभान रडकुंडीला येऊन म्हणाला. "अख्खं गाव वयखते मले."

"मी कुठं नाही म्हणतो?" मालक म्हणाला. "साहेबांनी माफी दिली होती, ती असती तर तुम्हालाही लागू पडली असती. पण ती कुणाच्या तरी अर्जावरून रद्द झाली."

मला हसू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. घरी जाऊन कोकिळेलाही हसवलं. माझे सत्तर शाबूत होते. तिला सहावा महिना होता, आणि त्या सत्तरांतच आमचं सगळं बसायचं होतं.

माझं हसू पंधरा दिवस टिकलं. होळीनंतर गाड्या कमी झाल्या. मालकानं आम्हा चौघा सत्तरवाल्यांना, म्हणजे मला, फकीर मोहम्मदला आणि आणखी दोघांना, समोर उभं केलं.

"पलीकडचे आठ बाबू झालेत माझ्याकडे," तो म्हणाला. "सगळे चाळिसात काम करतात, आणि आवाज करत नाहीत. मग सत्तरवाले चार कशाला पोसू? उद्यापासून येऊ नका." मग आवाज मऊ करून म्हणाला, "तुमच्यापैकी कुणाचा जन्म पलीकडचा असेल तर गोष्ट वेगळी. नक्कल लागत नाही. नुसतं लिहून द्या, मी मानतो. संध्याकाळपर्यंत."

फकीर मोहम्मदनं पटकन मान हलवली. "मी नाई लिवत, मालक. माह्या नावापुढं पयल्यांदाच खरं गाव लागलं. आता ते नाई पुसत." त्यानं काट्यावरचा आपला टॉवेल उचलला आणि सरळ निघाला.

मला त्याचा राग आला. एकट्या माणसाला असला ताठा परवडतो, असं मी मनात म्हणालो. तो एकटा नव्हता, बऱ्हाणपुरात त्याच्या घरी पाच तोंडं होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी तसंच म्हणालो.

मी टेबलाशी बसून अर्ज लिहायला घेतला. मी पंजाबराव, माझा जन्म बऱ्हाणपूरचा. साक्षीदार म्हणून इंद्रभाननं मुकाट सही केली. वाचून मालक म्हणाला, "बऱ्हाणपूर मोठं आहे. मोहल्ला लिहा. पुन्हा कुणी तपासायला आलं तर कागद पक्का पाहिजे."

मला बऱ्हाणपूरचा एकही मोहल्ला ठाऊक नव्हता. मी उन्हात धावत मोटार स्टँडवर गेलो. फकीर मोहम्मद खामगावच्या गाडीत खिडकीशी बसला होता. तिथून तो पिंपळगावला मामाकडे जाणार होता. मी धापा टाकत त्याला काय हवं ते सांगितलं. शरम वाटली का? वाटली, पण गाडी सुटायला आली होती.

तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "लोहारमंडी लिवा. मोठी वस्ती आहे, कोनी इचारत नाई. कोनी इचारलंच तं सांगा, घरासमोर लिंबाचं झाड व्हतं."

"फकीरभाई, तुमचे लय उपकार झाले," मी म्हणालो.

"एक सांगू, भाऊ?" गाडी हलली तसा तो खिडकीतून वाकला. "पुढं-मांगं एखांदा साहेब माफी घेऊन आला, तं या बारीनं त्याच्या इरोधात अर्ज नका करजा. या बारीनं ते माफी तुमच्यासाठी राहीन."

गाडी गेली. मी लोहारमंडी, लोहारमंडी असं घोकत जिनाकडे परतलो, आणि चाळीस रुपयांच्या कागदावर सही केली.