धुळ्याच्या मैदानावरचा ‘मना’

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. विश्वास बसेल अशी गोष्ट सांगायला आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस कशाला वाया घालवायचा? पण पारोळ्याच्या झुलालची पोरगी भागा फुटबॉल खेळायचा पगार घ्यायची, हे सोळा आणे खरं आहे. निंदणीचा नाही, शाळेत शिकवायचा नाही, बॉलला लाथ मारायचा पगार! तोही एकोणनव्वद साली. ती भागाबाई आज सणाला सासरहून, शिंदखेड्याहून, माहेरी आली आहे आणि ही काय, या निंबाखाली ओट्यावर बसून सांजोऱ्या भरते आहे. या नानावर भरवसा नसेल तर विचारा तिला. ती काही बोलणार नाही, ती गोष्ट वेगळी. झोका जरा दमानं घ्या गं पोरींनो, फांदी करकरते, ऐकू येत नाही.

तर, पायाचं म्हणाल तर तिचा पाय म्हणजे पाय नव्हताच. शाळेतल्या पितांबर मास्तरांनी जिल्ह्याच्या ऑफिसातून व्हॉलीबॉल मागवला आणि आला फुटबॉल. परत पाठवायला अर्ज कोण लिहिणार? भागाने पहिली लाथ हाणली ती किल्ल्याच्या खंदकापासून. बॉल किल्ल्यावरून गेला, भाजीबाजार ओलांडला आणि जळगावच्या एसटीच्या टपावर जाऊन बसला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. चंपालाल शेठ, तुम्ही दुकानात बसून तूप विकता, तुम्हाला हसायला काय जातं? तो बॉल एसटीबरोबर जळगावला गेला म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

जळगावात तेव्हा दलिचंद शेठांचा चटईचा कारखाना जोरात होता. शेठ हौशी. टीव्हीवर बायकांचा फुटबॉल पाहिला आणि त्यांच्या डोक्यात आलं की अकरा पोरींच्या अंगात आपल्या चटईच्या पट्ट्यांचे शर्ट घालायचे आणि गावोगाव फिरवायचं. नागपूरकडून कोच आणला, कामठीची शमीम कप्तान म्हणून आणली, बाकीच्या मुंबई-पुण्याच्या. शेवटची एक जागा रिकामी होती; टपावरचा बॉल कोणाच्या लाथेचा, ते शेठांनी एसटीच्या कंडक्टरला विचारलं आणि ती भागाला मिळाली. पण तीन महिन्यांच्या बोलीवर. तीन महिन्यांत कोचच्या मनाला आली तर कायम, नाहीतर घरी.

झुलालने तिला एसटीत बसवताना सांगितलं, “पोरी, शिंदखेडाना पाव्हणा थांबेल शेतस. मी आखाजीपावत वाट देखसू. नोकरी पक्की व्हयनी तर त्यासले नही सांगी दिसू. नही व्हयनी, तर मंग मना इलाज नही.”

म्हणजे झुलाल वाईट नव्हता. मुलीला मागणी घालायला आलेल्या पाहुण्यांना तीन महिने चहावर थांबवून धरणं ही आपल्याकडे लहान गोष्ट नाही.

कारखान्यामागच्या दोन खोल्यांत पोरी राहायच्या. प्लास्टिक तापल्याचा वास इतका, की स्वप्नंसुद्धा पट्ट्यापट्ट्यांची पडत. शेठाणी प्रेमकुंवर मायाळू बाई, पण जेवणात कांदा नाही, लसूण नाही. आणि चामड्याचा बॉल घराच्या उंबऱ्याआत नाही. सगळे बॉल बाहेर पेरूच्या झाडाला जाळीत टांगलेले. रावेरचा एक व्यापारी ती मोठी मोसंबी समजून भाव विचारून गेला होता. भागाला कशाचं काही वाटलं नाही. पहाटे उठून ती सगळ्यांच्या आधी झाडाखाली उभी असायची. पहिल्या आठवड्यात तिने दोन वेळा गोलची जाळी फाडली आणि कोचने वहीत तिच्या नावापुढे काहीतरी चांगलं लिहिलं.

मग कोचने सांगितलं, “नुसतं पळू नका. ज्या पोरीला बॉल हवा, तिने ओरडायचं. ‘माझा’ म्हणा, ‘मेरा’ म्हणा, पण ओरडा. मुकी पोरगी मैदानावर दगडासारखी, दुसरीला ठेच लागते.”

भागा ओरडली. पोटातून ओरडली. “मना! मना!”

शमीमच्या पायात बॉल होता. तिने भागाकडे पाहिलं आणि बॉल दुसरीकडे दिला.

पुन्हा तेच. भागा मोकळी, समोर कोणी नाही, ती हात वर करून ओरडते, “मना!” आणि बॉल तिसरीकडे जातो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भागाला वाटलं, आपण खेड्यातल्या, आपल्या डब्यातला ठेचा यांना वास मारतो, म्हणून बॉल देत नाहीत. ती आणखी जोरात ओरडायची. तिकडे शमीमला वाटलं, ही पोरगी भित्री आहे. शेवटी चौथ्या दिवशी ती चिडून भागाच्या अंगावर आली.

“हर बार मना करती है! बॉल से इतना डरती है तो आई काहे को?”

“मी कोठे मना करस?” भागा रडकुंडीला आली. “मी सांगस ना, मना शे! बॉल मना शे!”

कोणाला काही कळेना. शेवटी कारखान्याचा वॉचमन सुपडू, आपल्याच पहूरकडचा, हसत हसत पुढे आला. “ओ ताई, ती नाही म्हणत नाहीये. आमच्या बोलीत ‘मना’ म्हणजे माझा.”

आणि मग हसणं सुरू झालं. कोच हसले, शमीम मांडीवर थाप मारून हसली. कोणी वाईट मनाने हसलं नाही, हे भागालाही कळत होतं. पण कळल्याने हसणं कमी टोचतं असं नाही. संध्याकाळी पाण्याच्या माठाजवळ एक म्हणाली, “मना!” जेवताना बट्टीवर हात मारून दुसरी म्हणाली, “मना!” खोलीच्या दारावर खडूने कोणी लिहून ठेवलं. आठ दिवस तो शब्द कारखानाभर फिरत राहिला. घरी आई म्हशीला ‘मनी’ म्हणायची, बाप रानाला ‘मनं’ म्हणायचा, तोच शब्द इथे कोणाच्याही तोंडात माकडासारखा नाचत होता.

भागाने तोंड बंद केलं.

आधी मैदानावर, मग खोलीत, मग जेवताना. हवं ते बोटाने दाखवायची. ‘माझा’ म्हणून पाहिलं तिने, पेरूच्या झाडाखाली एकटीने, हळूच. पण तो शब्द जावेकडून मागून नेसलेल्या लुगड्यासारखा वाटायचा; चालताना सारखं लक्ष त्याच्याकडे. पळता पळता तो जिभेवर यायचाच नाही. जो यायचा तो ती गिळून टाकायची. एप्रिलच्या मध्याला सरावात एक उंच बॉल आला, भागा मुकाट्याने त्यावर गेली, शमीमला दिसलं नाही, आणि दोघींची धडक होऊन शमीमचा ओठ फाटला. शमीमने रक्त थुंकलं आणि एवढंच म्हणाली, “कुछ तो बोल, पगली. मना ही बोल दे.”

त्या दिवशी कोचने भागाला पेरूखाली बोलावलं. ते ओरडले नाहीत, हेच वाईट. “पाय तुझ्यासारखा दुसरा माझ्याकडे नाही. पण मुकी पोरगी मी ठेवू शकत नाही. धुळ्याचा सामना आखाजीच्या आधी चार दिवस आहे. तिथे तोंड उघडलंस तर शेठकडून कायमचं पत्र त्याच संध्याकाळी देतो. नाहीतर सणाला घरी जाशील, ती परत येऊ नकोस.”

पुढचे पंधरा दिवस भागा जेवली किती, झोपली किती, कोणी पाहिलं नाही. पेरूखाली उभी राहून ती ओठ हलवायची. आवाज निघायचा नाही.

धुळ्याच्या मैदानावर त्या दिवशी ऊन असं, की गोलच्या लोखंडी खांबावर कोणी पापड टेकवला असता तर भाजून निघाला असता. पारोळ्याहून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसं आलेली. झुलाल पहिल्या रांगेत, पांढरी टोपी, शेजारी शिंदखेड्याचे दोन पाहुणे. समोर मुंबईचा संघ. सामना संपायला दोन मिनिटं होती आणि गोल कोणाचाच नव्हता. डावीकडून बॉल उंच आला. खाली शमीम पळत होती, तिच्यामागून भागा. बॉल भागाच्याच पायाचा होता, आंधळ्यालाही दिसलं असतं. फक्त शमीमला मागचं दिसत नव्हतं. भागाच्या छातीत तो शब्द वर आला, गळ्यापर्यंत आला...

आणि भागा ओरडली, “मना!”

काय ओरडली, मंडळी! लळिंगच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली. आग्रा रोडवरच्या ट्रकवाल्यांनी रस्ता मना आहे समजून करकचून ब्रेक दाबले, गाड्यांची रांग पार सोनगीरपर्यंत. मुंबईच्या अकराही पोरींनी ‘मना’ ऐकलं आणि खेळायची मनाई झाली म्हणून जागच्या जागी थांबल्या. गोलवाली तर हातमोजे काढायला लागली. पंचाने शिट्टी खिशात घातली. शमीम बाजूला सरकली, आणि भागाने जी लाथ हाणली, ती जाळी फाडून, भिंत फोडून, पलीकडे रसवंतीच्या चरकात! चरकातून बॉल चपटा होऊन बाहेर आला. दलिचंद शेठांनी तिथल्या तिथे चटई अंथरली, तिच्यावर बसून कायमचं पत्र लिहिलं, आणि झुलाल टोपी हवेत उडवून पाहुण्यांना म्हणाला...

“नाना.”

झोका थांबला. भागाबाईच्या हातात अर्धी मिटलेली सांजोरी तशीच होती. ती वर न पाहता बोलली, पण निंबाखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“खोटं शे, नाना. मना तोंडमाईन तो शबदच निंघना नही.”