जमिनीला पाजलेली चिचा

दोन्या सिप्रियानाचा, म्हणजे सिप्रियानाबाईचा, कुणावर विश्वास म्हणून नव्हता. बाजारात बटाटे घेताना ती आधी गोणीच्या तळात हात घालायची. पाद्रीबाबा प्रवचनात जरा गोड बोलले, की "यांना आज काय हवंय?" असं शेजारणीच्या कानात विचारायची. नदीकाठच्या लोकांचं तर तिच्यापुढे नावच काढायची सोय नव्हती.

त्याला कारण होतं. तिच्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनी नदीकाठचा तुकडा दाखवला, तो दोन दिवस पाटाचं पाणी पाजून. काळीशार ओली जमीन बघून तिचा बाप हुरळला आणि हो म्हणून बसला. पुढे वर्षानुवर्षं सिप्रियानाने त्या जमिनीत तहानेने माना टाकलेला मका बघितला. वर बोटभर गाळ, खाली नुसते गोटे आणि खडी. सकाळी दिलेलं पाणी दुपारी शोधून सापडायचं नाही, आणि घातलेलं खतही त्याच्याबरोबर खाली जायचं. शेवटी एका पुरात नदीने तो तुकडाच नेला. नवरा गेल्यावर ती लेकीला घेऊन माहेरच्या तांबड्या टेकाडावर परत आली, ती कायमची.

आणि त्या लेकीने, ओब्दुलियाने, पसंत केला तो नदीकाठचाच इलारियोन.

आमच्या खोऱ्यात मागणी आली की मुलीकडचे जमीन बघायला जातात. जमिनीत पाय टाकण्याआधी पाचामामाला, म्हणजे धरणीमायेला, चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, पाजायची रीत आहे. सिप्रियानाने त्या रीतीचं हत्यार केलं होतं. भोपळ्याच्या वाटीतून चिचा ओतायची आणि फेसावर डोळे लावून उभं राहायचं. चांगल्या जमिनीवर फेस बराच वेळ टिकतो. गोट्यांच्या जमिनीत वाटी सरळ होईतो चिचाही नाही आणि फेसही नाही. पाहुण्यांना वाटायचं, बाई काय भाविक आहे! या भक्तीपायी तिच्या दोन भाच्यांची स्थळं मोडली होती. दोन्ही वेळा चिचेची घागर घेऊन ओब्दुलियाच मागे उभी होती.

"आधीच सांगतो, दोन्या," इलारियोन शेताच्या कडेलाच म्हणाला. "वर टीचभर गाळ आहे, खाली गोटेच गोटे. खोटं कशाला बोलू?"

सिप्रियानाने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. लग्नाच्या वेळी स्वतःच्या जमिनीला स्वतःच नावं ठेवतोय, म्हणजे यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

तिने शेताच्या माथ्याला पहिली वाटी ओतली. फेस तसाच राहिला. सगळ्यांची एकेक वाटी पिऊन झाली तरी तो जागचा हलला नाही.

"बघा!" इलारियोनचा बाप, दोन तेओदोसियो, म्हणजे तेओदोसियोराव, छाती फुगवून म्हणाला. "माझ्या बापाने घातलेला बांध आहे. गाळ असा बसतो!"

"काल पाणी सोडलं होतं वाटतं?"

"पाटात बेडूक मेलेत, दोन्या. कुठलं पाणी आणि काय!"

मग तिने नदीकडच्या कोपऱ्यात पितरांसाठी ओतली आणि मधोमध पिकासाठी ओतली. दरवेळी सगळ्यांना एकेक वाटी प्यावी लागली. दोन तेओदोसियोचे गाल लाल झाले आणि तो बांधाची कहाणी दुसऱ्यांदा सांगू लागला. तिन्ही जागी फेस टिकला.

"झालं ना, आई?" ओब्दुलिया म्हणाली. "चल, उकडलेला मका गार होतोय."

आता मात्र सिप्रियानाचे कान टवकारले. जमीन बघताना पोरीने आजवर कधी घाई केली नव्हती.

ती चार पावलं चालली आणि ठेच लागल्यासारखं करून हातातली वाटी कलंडवली. चिचा जमिनीला टेकली न टेकली तोच नाहीशी झाली. सिप्रियानाला मनातून बरंच वाटलं. संशय खरा ठरला की तिला नेहमीच जेवल्यासारखं वाटायचं.

"पहार आणा," ती म्हणाली.

तिथे पहार खण्णकन दगडावर आदळली. मधल्या जागी मात्र लोण्यात शिरावी तशी आत गेली. सिप्रियाना गुडघ्यांवर बसली आणि हातांनी उकरू लागली. टोपलीएवढा खड्डा होता, कडेने गोटे, आणि मध्ये ठासून भरलेली माती. वर राखाडी गाळ पसरलेला, खाली तांबडी, चिकट, चुन्याचे पांढरे कण असलेली. तिने मुठीत दाबली तर लाडू वळला. ती माती तिने झोपेतही ओळखली असती.

"चोर!" ती इलारियोनवर कडाडली. "माझ्याच शेतातली माती मलाच दाखवतोस?"

"मी?" इलारियोनचं तोंड उघडंच राहिलं. "मी तर आल्या आल्या सांगितलं, गोटे आहेत म्हणून! फेस बघून मलाच वाटलं, यंदा गाळ बरा बसला."

हे काही खोटं नव्हतं. मग ती दरवेळी माथा, नदीकडचा कोपरा आणि मध्य याच तीन जागी ओतते, हे कुणाला ठाऊक असणार? सिप्रियाना सावकाश मागे वळली.

ओब्दुलियाने घागर खाली ठेवली. "मीच आणली. गाढवावरून."

"का?"

"हा खरं सांगणार हे मला माहीत होतं. आणि तू त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीस, हेही."

"शेतातून कुठून उचललीस?"

"पीचच्या झाडांखालून."

त्या झाडांखालून सिप्रियाना रोज सकाळी जायची. तिला खड्डा दिसला नव्हता. सगळ्या खोऱ्याच्या जमिनी उकरून बघणारी ती, आणि घरातून ओझ्यावारी माती गेली तरी तिला पत्ता नव्हता. तिला लाज वाटली, आणि ती झाकायला तिने आवाज चढवला.

"या गोट्यांत पिकवणार काय तुम्ही?"

"मका नाही," इलारियोन म्हणाला. "द्राक्षाच्या वेली लावून मोयेच्या झाडांवर चढवणार. पुरुषभर खाली ओल आहे, मुळं गोट्यांतून वाट काढत तिथवर जातात. कांदाही होईल. गोटे दिवसभर तापतात, म्हणून तुमच्या टेकाडाच्या आधी इथे तयार होतो."

"आणि पूर आला तर?"

"तर जाईल."

नदीकाठच्या माणसाच्या तोंडून असलं उत्तर तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिचा राग कुठे ठेवावा तेच तिला कळेना.

एवढ्यात दोन तेओदोसियोने वाटी खाली ठेवली. त्याची चिचा एव्हाना पार उतरली होती.

"थांबा, दोन्या. तुमचं काय ठरायचं ते ठरू दे, पण आता मलाही विचार करायला हवा. जी पोरगी सख्ख्या आईच्या डोळ्यांत धूळ टाकते, ती आमच्या घरात काय करणार नाही?"

आणि त्याने ओब्दुलियाकडे बघितलं. सिप्रियानाने ती नजर ओळखली. गोणीच्या तळात हात घालताना ती स्वतः अशीच बघायची. आज ती तिच्या लेकीवर पडली होती. पोरगी मान खाली घालून एकटीच उभी होती. इलारियोन काही बोलायला पुढे झाला, पण बापाने हातानेच त्याला अडवलं.

"दोन तेओदोसियो," सिप्रियाना म्हणाली. पुढचं बोलणं तिच्या जिवावर आलं होतं. "पोरगी खोटारडी नाही. माझ्यापुढे खरं चालत नाही, म्हणून ती खोटं वागली. दोष माझा आहे."

"हे मी कशावरून मानू?"

"माझ्या शब्दावरून."

आजवर कुणाचाही शब्द न मानणारी बाई स्वतःचा शब्द पुढे करून उभी होती, आणि समोरचा नाही म्हणाला तर तिला तोंड उघडायला जागा नव्हती. दोन तेओदोसियोने दाढी खाजवली. खड्ड्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "पण ही माती तुमची. ती तर घेऊन जाल ना? उगाच उद्या पुन्हा चोर म्हणाल."

सिप्रियाना गुडघ्यांवरून उठली. हातातला लाडू तिने खड्ड्यात परत ठेवला आणि पायाने दाबून बसवला.

"ती आधीच नांदायला आलीय इथे," ती म्हणाली. "आता पोरीला एकटीला घरी ठेवून मी काय करू?"