चादरींच्या गाडीची कबुली

मी धुतलेल्या चादरींची गाडी बोलतेय. रंगाने पांढरी, मागे दोन दारं आणि पुढे डाव्या दिव्याखाली एक पोचा. तो ठोकून सरळ केलाय, वर रंगही चढवलाय, पण ऊन तिरकं पडलं की दिसतोच. त्या पोच्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण न बोलून काय होतं तेही मी पाहिलंय.

कारखान्यातून निघाले ती थेट एका धुलाई केंद्रात आले. काम एकच. मोठ्या इस्पितळातून मळक्या चादरींची गाठोडी न्यायची आणि धुऊन, इस्त्री करून परत आणायची. अकरा वर्षं मला एकाच माणसाने चालवलं. त्याला सगळे मामा म्हणत. थंडीत मी कुरकुरले की म्हणायचा, "बये, तुझ्यापेक्षा माझे गुडघे जुने आहेत. चल." आणि मी निघायचे. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वेगळं वाटेल.

त्या दिवशी सकाळी साडेआठची वेळ होती. रस्ता कोरडा, उजेड लख्ख. काचेजवळ ठेवलेली चादरींची यादी घसरून मामाच्या पायाशी पडली. ती उचलायला तो वाकला. दोन श्वास, फार तर तीन. तेवढ्यात मी कडेला सरकले.

कडेने सायकलवर एक घड्याळवाला चालला होता. चौकात त्याचं घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तो आपल्या बाजूने, नाकासमोर चालला होता. माझे ब्रेक आठवड्यापूर्वीच तपासलेले होते, त्यामुळे ती सबबही मला नाही. मामाने पाय दाबला, मी थांबले. पण त्याला उडवल्यावर थांबले.

पोलीस आले. हवालदाराने विचारलं, "कसं झालं?"

मामा म्हणाला, "सायकल एकदम आडवी आली, साहेब."

भीतीने माणूस काहीही बोलतो. पण बोललेलं कागदावर उतरलं. मला हॉर्न आहे, तो मी वाजवू शकले नाही.

घड्याळवाल्याच्या मानेच्या मणक्याला मार बसला होता. पाय गेले, बोटं अर्धवट हलत होती. डॉक्टर म्हणाले की रोज नीट व्यायाम करून घेतले तर बोटांत जीव येईल. त्यासाठी खास केंद्र होतं आणि तिथला खर्च कंबर मोडणारा. तो माझ्या विमा कंपनीने द्यायचा होता. कंपनीने मामाचा जबाब पुढे केला आणि सांगितलं, चूक सायकलवाल्याची, आम्ही देणं लागत नाही.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत कळलं, कारण मी आपली इस्पितळाच्या मागच्या दारी उभी असते. तिथे गाठोडी मोजून घेणाऱ्या सिस्टरबाई मामाशी गप्पा मारत. अपघात त्याच्याच हातून झाला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या सांगत, "त्याची थोरली बहीण आहे ना, ती मुलांना पोहायला शिकवायची. नोकरी सोडली बिचारीने. त्याला कुशीवर वळवायचं, भरवायचं, सगळं तीच करते."

मामा मान खाली घालून चादरी मोजत राही आणि हमखास चुके.

एकदा विमा कंपनीचे वकील माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले. गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "खोटं बोला असं मी मुळीच म्हणत नाही. जे आधी सांगितलंत तेच सांगा. फारच खोदून विचारलं, तर आता नीट आठवत नाही म्हणा. तुमचं लायसन्स राहील, नोकरी राहील." मामाने मान डोलावली. मीही गप्पच राहिले.

असे आठ महिने गेले. मग एका सकाळी सिस्टरबाई माझ्या दाराला टेकून म्हणाल्या, "त्या घड्याळवाल्याला बहिणीने उसनवारी करून दोन महिन्यांपूर्वी कुठे केंद्रात ठेवलं होतं, आज घरी नेलं. अजून चार महिने तरी हवे होते. नुकतंच उजव्या हाताने चमचा धरायला लागला होता. पण पैशाची सोयच झाली नाही."

मामाने मागची दारं लावली, आत येऊन बसला आणि किल्ली फिरवलीच नाही. मग त्याने बायकोला फोन लावला.

"मी यादी उचलायला वाकलो होतो," तो म्हणाला. "तो सरळच चालला होता गं."

पलीकडून आवाज आला, "मला वाटलंच होतं. तुम्ही आठ महिने झोपला नाहीत."

"खरं सांगितलं तर आपलं कसं होईल?"

"होईल कसंतरी. त्यांचं तर होतच नाहीये ना?"

त्याच दिवशी मामा घड्याळवाल्याच्या वकिलीणबाईंकडे गेला आणि पुढे न्यायाधीशांसमोर सगळं बोलला. वकिलांनी दिलेलं "आठवत नाही" त्याने वापरलं नाही. त्याचं लायसन्स गेलं, खोट्या जबाबाची शिक्षा म्हणून दंड झाला. आता तो धुलाई केंद्रातच चादरींना घड्या घालतो. विमा कंपनीला आधी उपचारांपुरती आणि नंतर आयुष्यभराच्या शुश्रूषेची तरतूद करावी लागली. घड्याळवाल्याकडे मदतनीस येऊ लागला, दाराशी चाकांच्या खुर्चीसाठी उतरण बांधली, व्यायाम पुन्हा सुरू झाले.

इथे संपवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण मामाला त्याला भेटायचं होतं. त्याची बायको म्हणाली, "माफी मागायला जाताय, की स्वतःचं मन हलकं करायला?" तरी तो गेला. आता मला एक तरुण बाई चालवते, तिने त्याला दारापर्यंत सोडलं. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू आलं.

घड्याळवाला म्हणाला, "खरं बोललास ते बरं केलंस. ताई वाचली. एवढं मी मानतो."

मामा म्हणाला, "मला माफ..."

"थांब. बोटांसाठी सुरुवातीचेच महिने मोलाचे होते, असं डॉक्टर म्हणतात. उजव्या हाताने चमचा धरतो मी. घड्याळाचा स्क्रू धरता येत नाही, आणि आता येणारही नाही. माफीचं नंतर कधी जमलं तर बघू. आज नाही जमत."

"बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाला. परत येताना तो माझ्यात बसला नाही, चालत गेला.

मी अजून त्याच रस्त्याने जाते. गेल्या आठवड्यात चौकात सिग्नलला उभी होते. समोरून घड्याळवाल्याची बहीण रस्ता ओलांडत होती. केस ओले, खांद्यावर पोहण्याच्या कपड्यांची पिशवी. ती तलावावर परत जाऊ लागली होती. मधेच तिची नजर माझ्या नंबरावर गेली आणि ती थबकली. माझ्याकडे पाहत राहिली. रागाने म्हणावं तर तसंही नाही, जुनं दुखणं चाचपून पाहावं तशी. सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवू लागले. माझी नवी चालक मात्र जागची हलली नाही.

ती सावकाश पलीकडे गेली. मग आम्ही निघालो.

वाचणाऱ्या माणसा, मला माफी नको. चूक झाली तर त्याच दिवशी सांग, एवढंच मागते. खरं सांगायला आम्ही लावलेल्या आठ महिन्यांत एका माणसाची बोटं गेली.