टाचणीतली दोन कार्डं

“कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे तुम्हाला?” हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं.

“आहे एकाची. आमच्या डॉक्टरांना माहीत आहे.”

“ऑपरेशन मी करणार आहे, आजोबा. मला नको माहीत असायला?”

मुलीने कपाळावर हात मारला. “बाबा, अडतीस वर्षांत एकदाही नाव विचारावंसं वाटलं नाही?”

नव्हतं वाटलं. जन्म ग्रंथालयात गेला, हाती येईल ते वाचलं. स्वतःचं दुखणं तेवढं आमच्या डॉक्टरांवर सोपवून मोकळा झालो होतो. आता नाव कळल्याशिवाय झडप बदलायची तारीख मिळणार नव्हती. पण विचारायला जायचं कुठल्या तोंडाने? सहा महिने मी त्यांचा दवाखाना टाळून पलीकडच्या गल्लीने जात होतो. मोठ्या डॉक्टरांकडे जातो, हे सांगायचा धीरच झाला नव्हता.

दवाखान्यात तेच बाकडं, तोच विटका हिरवा पडदा. बाकड्यावर कुणी नव्हतं.

“या, ग्रंथपाल! पलीकडच्या गल्लीत खड्डे फार आहेत म्हणतात.”

मी मोठ्या डॉक्टरांचे कागद पुढे केले. त्यांनी ते दोनदा वाचले.

“बरोबर आहे त्यांचं. खरं तर झडपेचा हा आवाज मागच्याच वर्षी मला ऐकू यायला हवा होता. कान म्हातारे झाले माझे.”

“तसं नाही हो डॉक्टर...”

“तसंच आहे.”

मी औषधाचं विचारलं. “मला कधी सांगितलं का नाहीत?”

“तुम्हाला? चार पुस्तकं काढून वाचली असतीत आणि मेलो मेलो करत इथे आला असतात. वहिनींना सांगून ठेवलं होतं. तेवढं पुरेसं होतं.”

हिला जाऊन चार वर्षं झाली होती.

त्यांनी लाकडी खोक्यातून आमची दोघांची कार्डं काढली. दोन्ही एकाच टाचणीत. टाचणी काढून त्यांनी माझ्या कार्डाच्या माथ्यावर औषधाचं नाव लिहिलं, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं ठळक.

“हेच घेऊन जा. महिनाअखेर बंद करतोय दवाखाना. शर्ट वर करा.”

“आता कशाला तपासताय?”

“सवय.”

नेहमीसारखी स्टेथोस्कोपची चकती त्यांनी आधी मुठीत धरून गरम केली, मग छातीला लावली. बराच वेळ ऐकत राहिले.

“जा बिनघोर. हात चांगला आहे म्हणतात त्यांचा.”

“तुम्ही याल त्या दिवशी?”

“आत कोण सोडणार मला? बाहेर बसेन.”

मी दारापर्यंत गेलो आणि वळलो. “हिचं कार्ड...”

“वहिनींचं राहू दे माझ्याकडे.”

त्यांनी ती टाचणी जुन्याच भोकांतून हिच्या एकट्या कार्डाला लावली आणि कार्ड खोक्यात, होतं त्याच जागी, ठेवलं.